‘रेबेका’तल्या त्या मुलीचं वय

प्रति,
मा. संपादक,
रविवार पुरवणी

विषय: पुरवणीतल्या प्रेमकादंबऱ्यांवरील लेखाबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत जगातल्या गाजलेल्या प्रेमकादंबऱ्यांवर एक लेख आला. माझी नजर अधू झाल्यापासून वर्तमानपत्र मला बायको वाचून दाखवते. तो लेखही तिनंच वाचून दाखवला. यादीत पाचवी आहे डॅफ्नी ड्यू मॉरिए यांची ‘रेबेका’. लेखकानं तिच्यावर आठ-दहा ओळी खर्ची घातल्या आहेत आणि त्यांचा सारांश असा, की एका गरीब, एकट्या मुलीला एक रुबाबदार, श्रीमंत, दुःखी विधुर भेटतो, तो तिला आपल्या भव्य वाड्यावर नेतो, तिथं मेलेल्या पहिल्या बायकोची सावली दोघांच्या मध्ये येते आणि शेवटी प्रेम जिंकतं. वाचून झाल्यावर बायकोनं पुरवणीची घडी घातली आणि म्हणाली, "ह्यांनी पुस्तक वाचलेलं नाही. सिनेमा बघितलाय."

म्हणून हे पत्र. सांगतो मी आहे, लिहून ती घेते आहे. मधूनच ती हात थांबवते आणि "हे असं नाही" म्हणते. तिथं तिचं ऐकलं आहे. एक-दोन ठिकाणी ऐकलेलं नाही.

लेखात सगळं आहे, वय तेवढं नाही. तो विधुर, मॅक्सिम डी विंटर, ४२ वर्षांचा आहे. मुलगी जेमतेम विशी ओलांडलेली. मी विमा कार्यालयात ३३ वर्षं काढली. माणसाचं नाव नंतर, आधी जन्मतारीख, अशी डोळ्यांना सवय लागली. त्यामुळे असेल कदाचित, पण ‘रेबेका’बद्दल कोणी बोलायला लागलं आणि त्यात वय आलं नाही, की मला अर्ज अर्धवट भरल्यासारखा वाटतो. या मुलीचा अर्ज तर फारच कोरा आहे. तिला नावच नाही. सबंध कादंबरी तीच सांगते, ‘मी, मी’ म्हणून सांगते, तिचं नाव छान आणि वेगळं आहे असं मॅक्सिम तिला एकदा म्हणतोही, पण ते नाव आपल्याला शेवटच्या पानापर्यंत कळत नाही. जिचं नाव मुखपृष्ठावर आहे ती गोष्ट सुरू होण्याआधीच मेलेली आहे.

ती भेटते तेव्हा एका श्रीमंत अमेरिकन बाईची सोबतीण म्हणून माँटे कार्लोच्या हॉटेलात राहते आहे. वर्षाला ९० पौंड पगार. बाई इन्फ्लुएंझानं अंथरुणाला खिळतात आणि मुलीला थोडी मोकळीक मिळते. टेनिसचे धडे घेते असं बाईंना सांगून ती मॅक्सिमच्या गाडीतून हिंडते. एकदा गाडीत ती म्हणते, मी छत्तीस वर्षांची असते, काळं साटीन आणि मोत्यांची माळ घातलेली बाई असते तर किती बरं झालं असतं. त्यावर तो म्हणतो, तशी असतीस तर या गाडीत माझ्याशेजारी बसली नसतीस. आणि लगेच, नखं खाणं थांबव, आधीच ती बरी दिसत नाहीत. थोड्याच वेळात तिला विचारायचं धाडस होतं, की तुम्ही मला का फिरवता, दया म्हणून का? तो भडकतो. तसं वाटत असेल तर दार उघड, उतर आणि आपली आपण घरी जा, म्हणतो. ती उतरत नाही. रडते. मग तो तिला रुमाल देतो, जवळ घेतो आणि घरची माणसं मला मॅक्सिम म्हणतात, तूही तसंच म्हण, अशी परवानगी देतो.

हा सगळा प्रसंग पाच-सहा मिनिटांचा आहे. तिशीत वाचला तेव्हा मला तो फार गोड वाटला होता. आता बायकोच्या तोंडून ऐकताना कळतं, की पुढची सगळी कादंबरी त्या गाडीत बसलेली आहे. दार उघडून दाखवायचं, ती उतरणार नाही याची खात्री असायची, मग रुमाल द्यायचा.

मागणी घालण्याचा प्रसंग तर आपल्या लेखकानं पुन्हा काढून वाचावाच. बाईंना अचानक अमेरिकेला जायचं ठरतं. मुलगी निरोप घ्यायला मॅक्सिमच्या खोलीवर धावते. तो म्हणतो, न्यूयॉर्क किंवा मँडर्ली (म्हणजे त्याचा वाडा), काय ते निवड. तिला वाटतं त्याला सेक्रेटरी हवी आहे. मी तुला लग्नाचं विचारतोय, वेडे, असं तो सांगतो. मग न्याहारीला बसतो, टोस्टला मार्मलेड लावतो, टँजरिन सोलतो. एक फोड तिला देतो. ती आंबटढाण असते. तोंडात कडवट चव घेऊन ती बसलेली असते आणि मनात म्हणते, प्रेमाबद्दल तर हा अजून काहीच बोललेला नाही. प्रेमकादंबरी म्हणायचं तर प्रेमाची कबुली या जागी यायला हवी होती. लेखिकेनं त्या जागी एक आंबट फोड ठेवली आहे, आणि ते सहज झालेलं नाही.

हे पुस्तक माझ्याकडे लग्नाआधीपासून आहे. तिशीत ते दोन रात्रींत संपवलं होतं, प्रेत सापडणार का आणि तो सुटणार का एवढ्याच उत्सुकतेनं. पुढं माझं लग्न झालं. मी ४२ वर्षांचा, ती २४. लग्नात येईल त्याला मी सांगत होतो, फक्त अंक उलटे केलेत, बाकी काही फरक नाही. लोक हसायचे. आकड्यांच्या माणसाला असला नाद असतोच. नंतर लक्षात आलं, की दर अकरा वर्षांनी आमची वयं पुन्हा अशीच उलटतात: ५३ आणि ३५, ६४ आणि ४६, ७५ आणि ५७. प्रत्येक वेळी मी हा विनोद केला. (ती आत्ता लिहिता लिहिता म्हणते आहे, "चारही वेळा केलात.") ती कधी हसलेली मला आठवत नाही.

लग्नाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी तिनं ‘रेबेका’ वाचली. मला त्याचा पत्ता नव्हता. पुढं कधीतरी पुस्तकांवरची धूळ झटकताना ते हातात आलं, तर समासात पेन्सिलीचे बारीक ठिपके. अधूनमधून फुल्या. पानं चाळली पण काही उलगडा होईना. विचारल्यावर ती सहज म्हणाली, "जिथं तो तिला पोर, बाळ, वेडी काहीतरी म्हणतो तिथं ठिपका. जिथं ती माफी मागते तिथं फुली." मी मोजले नाहीत. मोजायची सवय असलेल्या माणसानं मोजले नाहीत, यावरून काय ते समजावं.

आता जी गोष्ट सांगतो ती फक्त मराठी वाचकालाच जाणवेल असं मला वाटतं. निवृत्तीनंतर हौस म्हणून मी या कादंबरीची काही पानं मराठीत करायला घेतली होती. छापायची नव्हती, वेळ घालवायला. पहिल्याच संवादाशी अडलो. इंग्रजीत दोघंही एकमेकांना एकच सर्वनाम वापरतात. मॅक्सिम तिला जे म्हणतो तेच ती त्याला म्हणते. मराठीत ती सोय नाही. ती त्याला ‘तुम्ही’ म्हणणार, यात शंकाच नव्हती. तो तिला पहिल्या भेटीत ‘तुम्ही’ म्हणेल, शिष्टाचाराचा माणूस आहे. पण ‘तू’वर कधी येईल? मी ते त्या गाडीतल्या प्रसंगात आणलं, नखांच्या वाक्याला. ‘नखं खाऊ नका’ असं लिहून पाहिलं, वाक्य मेलं. ‘नखं खाऊ नकोस’ लिहिलं आणि तो माणूस समोर उभा राहिला. इंग्रजीनं जे झाकलं होतं ते मराठीच्या एका प्रत्ययानं उघडं पाडलं.

मग दुसरा प्रश्न. ती त्याला ‘तू’ कधी म्हणेल? त्यानं नावानं हाक मारायची परवानगी दिली तेव्हा? बायको म्हणाली, छे, नाव घेईल पण ‘तू’ म्हणणार नाही. तिच्या मते ती ‘तू’ म्हणेल त्या एका प्रसंगी, वाड्यातल्या पुस्तकांच्या खोलीत, तो सगळं कबूल करतो तेव्हा. मी म्हटलं, कधीच म्हणणार नाही, शेवटपर्यंत अहोजाहोच करील. यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही आणि भाषांतरही तिथंच राहिलं.

तिला असं का वाटतं ते मला ठाऊक आहे. ३७ वर्षांत ती मला एकदाच अरे-तुरे बोलली. (हा परिच्छेद नको, असं तिचं मत. मी तो ठेवतो आहे.) लग्नानंतर दोन वर्षांनी एका मित्राच्या कर्जाला मी जामीन राहिलो. कागदांवर तिचीही सही लागत होती. मी बोट ठेवलं तिथं तिनं केली. काय आहे विचारलं, तर मी म्हणालो, तुला कशाला तो ताप, मी आहे ना. मित्रानं हप्ते थकवले. मी दोन वर्षं गुपचूप भरत राहिलो आणि घरी हसतमुखानं वावरलो. मला वाटायचं, हेच तर मोठेपण. मग एक दिवस नोटीस आली, मी कामावर होतो, आणि लखोट्यावर दोघांचीही नावं होती. संध्याकाळी दार उघडल्या उघडल्या ती म्हणाली, "सही करायला मोठी होते, आणि विचारायला लहान? तू काय मला—" वाक्य तिनं पुरं केलं नाही. त्या ‘तू’नं ती स्वतःच दचकली असावी. दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘अहो’. पण घराचे हिशोब तेव्हापासून तिच्याकडे गेले ते आजतागायत.

हे घरगुती पुराण इथं सांगायचं कारण, ‘रेबेका’त नेमकी ही जागा आहे, आणि ती वाचताना माझे कान गरम होतात. दोघं जेवायला बसलेले असतात. ती भीत भीत काही विचारते. तो म्हणतो, नवरा म्हणजे बापापेक्षा काही फार वेगळा नसतो. काही प्रकारचं ज्ञान तुला नसलेलंच मला बरं वाटतं, ते कुलपात असावं. आता पीच खा, आणि आणखी प्रश्न विचारलेस तर कोपऱ्यात उभी करीन. शब्दशः नाही सांगत, पण आशय हाच. घरातल्या मेजवानीला कुठला वेश करू असं ती विचारते, तर तो सुचवतो, केसाला रिबीन बांध आणि ॲलिस हो, वंडरलँडमधली. लग्नाच्या बायकोला! वाड्यात तिच्या हातून चिनीमातीचा एक छोटा क्युपिड फुटतो, तर ती तुकडे खणाच्या तळाशी दडवते. पुढं त्यावरून नोकरांत भांडण लागतं आणि तिला कबुली द्यावी लागते. मॅक्सिमला ते एखाद्या मोलकरणीच्या पोरीनं करावं तसं वाटतं, आणि तसं तो तिला ऐकवतोही. आतल्या फोनवर कोणी मिसेस डी विंटरना विचारतं, तर ही सांगते, काहीतरी चूक होतेय, मिसेस डी विंटर वारल्या, वर्ष होऊन गेलं. फोन ठेवल्यावर तिच्या ध्यानात येतं, की मिसेस डी विंटर आता आपणच. लोक या सगळ्याचा दोष मिसेस डॅन्व्हर्सवर, त्या करड्या घरकारभारणीवर टाकून मोकळे होतात. ती भयानक आहेच. पण तिची भीती वाटावी इतकी मुलगी लहान कोणी ठेवली?

पुढचं सांगताना रहस्य फुटणार आहे. पुस्तक १९३८ सालचं आहे, तेव्हा फार पाप लागू नये. रेबेका बुडून मेलेली नसते. मॅक्सिमनं तिला गोळी घातलेली असते, प्रेत तिच्याच नावेच्या खोलीत ठेवून नाव समुद्रात बुडवलेली असते. पाणबुड्याला ते सापडतं आणि मग तो बायकोला खरं सांगतो. ऐकताना या मुलीच्या मनात काय येतं? खून झाला हे नाही. तिच्या मनात येतं, याचं रेबेकावर प्रेम नव्हतं. कधीच नव्हतं. ती हलकी होते. एवढे महिने ज्या बाईशी ती मनातल्या मनात झुरत होती ती शर्यतीतच नव्हती. आणि वाचकही तिच्याबरोबर हलका होतो. मी झालो होतो. एका माणसानं बायकोला मारलं आणि तो सुटावा म्हणून मी तिशीत पहाटेपर्यंत जागा होतो. रेबेका वाईट होती हे आपण मानतो, पण ते सांगतं कोण? बहुतेक सगळं मॅक्सिमच. ज्यानं गोळी घातली त्याचीच साक्ष, आणि ती ऐकणारी त्याच्यावर जीव टाकणारी पोर. लेखिकेचं कसब इथं आहे. त्यांनी आपल्याला त्या मुलीच्या जागी बसवलं आणि कबूल करायला लावलं.

या कबुलीनंतर तो तिला म्हणतो, तुझ्या चेहऱ्यावरचा तो हरवलेला, कोवळा भाव मला आवडायचा, तो गेला. चोवीस तासांत तू मोठी झालीस. तो मीच मारला. दुःखानं म्हणतो. एका प्रौढ माणसाला बायको मोठी झाल्याचं दुःख होतं! या एका जागेसाठी तरी या पुस्तकाला नुसती प्रेमकथा म्हणू नये, असं मला वाटतं. तो खोटं बोलत नाही. त्याला खरोखरच तो भाव आवडत होता. मलाही आवडायचा. नोटिशीच्या त्या संध्याकाळनंतर तो आमच्या घरातूनही गेला, आणि काही दिवस मला चुकल्यासारखं वाटत होतं, हेही सांगून टाकतो.

आता बायकोच्या त्या पहिल्या शेऱ्याकडे येतो, सिनेमा बघितलाय म्हणाली तो. तिचा मुद्दा पक्का आहे आणि मी तो जन्मतारखांनी सिद्ध करू शकतो. आल्फ्रेड हिचकॉकचा ‘रेबेका’ १९४० चा. मॅक्सिमच्या भूमिकेतले लॉरेन्स ऑलिव्हिए यांचा जन्म १९०७ चा, जोन फाँटेन यांचा १९१७ चा. वीसेक वर्षांचं अंतर दहावर आलं. आपल्याकडे १९६४ साली याच कथेवर ‘कोहरा’ निघाला. बिश्वजित १९३६ चे, वहिदा रहमान १९३८ च्या. अंतर दोन वर्षं! दोघंही सत्ताविशीच्या आत-बाहेर, देखणी, कोण कोणाला बाळ म्हणणार? तिथं नायिकेला राजेश्वरी असं नावही मिळालं. (ललिता पवार मात्र डॅन्व्हर्सबाईंच्या जागी चोख होत्या, यावर आमच्या घरात एकमत आहे.) २०२० मध्ये पुन्हा एक ‘रेबेका’ आला. त्यातला नट १९८६ चा, नटी १९८९ ची. म्हणजे दर खेपेला पडद्यानं वय पुसलं, आणि वय पुसलं की उरते ती खरंच एक बऱ्यापैकी प्रेमकथा, भुताटकीची फोडणी दिलेली. हिचकॉकच्या चित्रपटानं तर गोळीही काढून टाकली. बायकोला मारणारा नवरा शिक्षेवाचून सुटलेला दाखवायला त्या काळच्या अमेरिकी चित्रपटांच्या आचारसंहितेत परवानगी नव्हती, म्हणून तिथं रेबेका पडते, डोक्याला लागतं आणि मरते. एवढं केल्यावर मॅक्सिम डी विंटर कोणालाही आवडेल.

लेखिकेला स्वतःला ‘रोमँटिक कादंबरीकार’ हे लेबल आवडत नसे. ‘रेबेका’ ही मत्सराची कहाणी आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या मत्सराचं मूळ त्यांच्या घरातच होतं. त्यांचे पती फ्रेडरिक ब्राउनिंग लष्करात होते, त्यांच्याहून दहा-अकरा वर्षांनी मोठे, आणि आधी त्यांचं दुसऱ्या एका स्त्रीशी लग्न ठरून मोडलेलं. १९३७ साली नवऱ्याच्या नेमणुकीमुळे इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाला राहावं लागलं तेव्हा त्यांनी हे पुस्तक सुरू केलं. त्या उकाड्यात बसून त्यांनी कॉर्नवॉलचं धुकं लिहिलं. स्वतः लेखिका मत्सर म्हणाल्या, तरी मला त्यात मत्सराच्या खाली दुसरं काहीतरी दिसतं. मत्सर रेबेकाचा नाही. रेबेका मोठी होती, तिला कोणी कोपऱ्यात उभं करू शकलं नसतं, याचा आहे. हे माझं मत. बायको म्हणते, मत्सर तो मत्सरच, उगाच फोडी करू नका.

एक गैरसमज नको. वयात अंतर असलं की नातं नासकंच, असं मी म्हणत नाही. आमच्या नात्यातली एक तरुण मुलगी तसं ठामपणे म्हणते आणि आमच्याकडे बघून मग ओशाळते. शार्लट ब्राँटे यांच्या ‘जेन एअर’मध्ये (१८४७) रोचेस्टरही जेनच्या बापाच्या वयाच्या जवळपास पोचलेला, तीही अठराची, आणि तोही एक भयंकर गोष्ट कुलपात ठेवून बसलेला. तिथं तर कुलूप खरोखरचंच आहे, माडीवरच्या खोलीला. पण गुपित कळतं तेव्हा जेन निघून जाते. गाडीचं दार उघडं असतं आणि ती उतरते. ‘रेबेका’तली मुलगी गुपित कळल्यावर अधिकच घट्ट बिलगते. दोन्ही पुस्तकांवर एकच ‘अभिजात प्रेमकथा’ हा शिक्का मारणं म्हणजे आगीचा विमा आणि आयुर्विमा एकाच खात्यात टाकणं. कोणी केलं असतं तर मी फाइल परत पाठवली असती.

तरी या दोन पुस्तकांत एक साम्य आहे आणि ते मला हल्लीच, डोळे गेल्यावर उमगलं. दोन्हींच्या शेवटी मोठा माणूस मोडलेला आहे आणि मुलगी त्याला वाचून दाखवते आहे. रोचेस्टर आंधळा होतो, जेन त्याचे डोळे होते. मॅक्सिम धडधाकट आहे, पण मँडर्ली जळून गेल्यावर दोघं परदेशात हॉटेलांतून राहतात, आणि ती त्याला मायदेशाची वर्तमानपत्रं वाचून दाखवते, क्रिकेटच्या बातम्या, गावाकडच्या बारीकसारीक गोष्टी. कुठल्या मजकुरानं त्याला घराची आठवण होईल ते ओळखून ती तेवढं गाळते. म्हणजे आता कुलपाची किल्ली तिच्याकडे आहे. तो माझ्यावर अवलंबून आहे म्हणूनच मला धीर आला, असं ती स्वतःच सांगते. गोष्टीच्या शेवटचा हा भाग पुस्तकाच्या अगदी सुरुवातीलाच येतो, त्यामुळे पहिल्या वाचनात कोणाच्या लक्षात राहत नाही. मग हा विजय कोणाचा? दोघांना बरोबरीनं बसता यावं म्हणून एवढा मोठा वाडा जळावा लागला.

हे मी कालच बायकोला म्हणालो. वर विचारलं, तू मला पेपर वाचून दाखवताना काही गाळतेस का? ती म्हणाली, "गाळते की. निधनवार्तांत तुमच्या वर्गातले असले की."

तेव्हा, संपादक महाशय, माझी तक्रार यादीबद्दल नाही. यादीत ही कादंबरी जरूर राहू द्या, माझ्या लेखी ती पहिल्या तिनांत येईल. मात्र पुढच्या वेळी कोणी हिच्यावर लिहिलं, तर त्या गृहस्थांना पहिली पाच-सहा प्रकरणं तेवढी वाचायला सांगा, टँजरिनपर्यंत. आणि मॅक्सिम रुबाबदार आहे असं लिहायचं असेल तर पुढं कंसात त्याचं वय लिहा, त्या मुलीचंही लिहा. तिला नाव नाही, निदान तेवढं तरी तिचं असू द्या.

आपला,
एक जुना वाचक
(वय ७९)

ता. क. — वरचं पत्र मी सांगितल्याबरहुकूम लिहिलं आहे. दोन दुरुस्त्या. एक, ते कर्जाचे हप्ते दोन वर्षं नाही, अडीच वर्षं भरत होते. हिशोब माझ्याकडे आहे. दोन, उलट्या अंकांच्या विनोदाला मी हसले नाही हे खरं. पुढची खेप ८६ आणि ६८ ला आहे. त्या वेळी काय करायचं ते तेव्हा बघू.
— पत्र लिहून घेणारी (वय ६१)